बेदाण्याच्या शेडमधली माती

दगडाला कधीकाळी ताप आला होता का, आला असला तर किती, आणि तो किती काळ टिकला, हे सांगणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता. लग्नाच्या बैठकीत कुणी विचारलं की मी ‘कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो’ एवढ्यावर थांबत असे. पुढं सांगायला गेलं की समोरचा माणूस विहिरीला पाणी कुठं लागेल ते विचारायचा. पाण्यातलं मला कधीच कळलं नाही. मला फक्त ताप कळायचा.

एकदा फलटणच्या बाजूचे एक गृहस्थ टॉवेलात गुंडाळलेला काळा गोळा घेऊन सांगलीला आमच्या विभागात आले. रानात कोळसा लागलाय, सरकारला कळवायचं की आधी कुंपण घालायचं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी गोळा फोडला, भिंगाखाली धरला. आत बुडबुडेच बुडबुडे.

“दगूड तापल्याला हाय का न्हाई, तेवढं सांगा,” ते म्हणाले.

“चांगलाच तापलाय. पण तुमच्या रानात नाही, साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये. वाटेवर टाकायला कुणीतरी राखेचे गोळे आणले असतील.”

त्यांनी गोळा हातात उलटसुलट फिरवला. मग म्हणाले, “म्हंजी आमचाच ऊस गेला, आन् त्येचीच राख आमाला कोळसा म्हून गावली व्हय!” आणि स्वतःच इतके हसले की बाहेरचा शिपाई डोकावून गेला.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं असेच किस्से मागितले होते, आणि तसे माझ्याकडं पुष्कळ आहेत. पण गेल्या वर्षी जुन्या विभागात सहज गेलो होतो. एक विद्यार्थिनी काचेच्या पट्टीवर मातीचा पातळ थर वाळवत होती. तो करपलेला दिसला तशी ती शेजारच्या मुलाला म्हणाली, “अरे, स्लाइड मगदूम झाली बघ.”

मी विचारलं, “काय झाली?”

“मगदूम, सर. म्हणजे जास्त भाजली. इथं सगळे तसंच म्हणतात.”

मगदूम ही कोण, कुठली, हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं. म्हणून बाकीचे किस्से बाजूला ठेवून एवढंच लिहितो.

आधी आमचा धंदा काय ते सांगायला हवं. नदीनं, समुद्रानं आणलेला गाळ थरावर थर साचतो. खालचे थर दबतात, आणि जितके खोल जातील तितके तापतात. तेल शोधणाऱ्यांना या तापाची फार काळजी असते. कमी तापलं तर तेल तयारच होत नाही, फाजील तापलं तर झालेल्या तेलाचा गॅस होतो. पण ताप तर कोट्यवधी वर्षांपूर्वी आलेला. आता थर्मामीटर कुठं लावणार? म्हणून खडकातच राहिलेल्या खुणा वाचायच्या.

एक खूण सेंद्रिय. गाळात झाडाझुडपांचे बारीक कण अडकलेले असतात. ते तापले की कोळशासारखे होतात, आणि जितके जास्त तापतील तितके जास्त चमकतात. खडकाचा तुकडा रेझिनमध्ये बसवायचा, कापडावर घासून आरशासारखा करायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या कणांवर टाकलेला प्रकाश किती परत येतो ते मोजायचं. हे माझं काम.

दुसरी खूण खनिज. चिकणमातीचा कण म्हणजे बारीक पानांची चळत. न तापलेल्या मातीत पानांच्या मध्ये पाणी शिरतं, ती फुगते. खूप काळ तापली आणि पोटॅश मिळालं की पोटॅश पानांच्या मध्ये जाऊन बसतं, पानं मिटतात, आणि मग ती माती फुगायचं विसरते. ही माती काचेच्या पट्टीवर पसरून वाळवायची, गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात त्या ग्लायकॉलच्या वाफेत ठेवायची, आणि क्ष-किरणांखाली बघायचं. फुगली तर कच्ची, नाही फुगली तर भाजलेली. हे सुनंदाचं काम.

सुनंदा मगदूम माझ्याकडं पीएच.डी. करत होती. नव्वदच्या दशकाची सुरुवात. सांगलीजवळच्या एका गावात तिच्या घरची शेती, वडिलांना दगडांचा अभ्यास म्हणजे पोरीचं खूळ वाटायचं, पण त्यांनी आडकाठी केली नाही. क्ष-किरणांचं यंत्र आमच्याकडं नव्हतं, ते कोल्हापूरला. तिथं ती एसटीनं जायची, आणि काचेच्या पट्ट्या स्टीलच्या जेवणाच्या डब्यात, खाली कापूस घालून, मांडीवर धरून न्यायची. एकदा कंडक्टरनं विचारलं, “ताई, सांगलीपासून डबा उघडला न्हाईसा, उपास हाय काय?” ती म्हणाली, “डब्यात माती आहे.” तो पुढच्या सीटकडं वळला.

तिचा विषय साधा होता. सेंद्रिय खूण आणि खनिज खूण, दोन्ही एकाच खडकात वाचायच्या आणि त्या एकच ताप सांगतात का ते ताडून बघायचं. तेलाच्या विहिरींतून आलेल्या नमुन्यांत दोन्ही बऱ्यापैकी जुळत होत्या. मग मी तिला आमच्याच भागातला एक नमुना दिला, आणि तिथं सगळं बिनसलं.

जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माळावर उपसा योजनेच्या पंपघरासाठी जमिनीत भोक पाडून खडकाची कांडी वर काढली होती. आम्ही तिला कोअर म्हणतो. आपल्याकडं खाली सगळा लाव्हाचा काळा पाषाण. पण या कोअरमध्ये लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये वीतभर काळपट चिकणमाती निघाली, आणि तिच्यात झाडांचे कण. कधीकाळी तिथं डबकं असणार, काठाला गवत-झुडपं असणार, आणि मग वरून दुसरा लाव्हा आला. तो कोअर सरकारी खात्याकडून लाकडी पेट्यांत भरून आमच्या ताब्यात मिळाला, एका अटीवर. कॉलेजच्या स्टोअरबाहेर न्यायचा नाही.

थोड्याच दिवसांत स्टोअरचं छत काढायची वेळ आली आणि प्राचार्यांनी जागा रिकामी करायला सांगितलं. परवानगी मागायची तर पत्रं फिरण्यात महिने जाणार. मी माझ्या शाळासोबत्याला, भूपाल चौगुलेला, सांगितलं. भूपालची तासगावजवळ द्राक्षबाग, आणि बागेशेजारी बेदाण्याची शेड. हंगाम नसला की शेड रिकामीच.

“आना की मास्तर,” तो म्हणाला. “दगडाला काय खायाला घालायचं हाय?”

सुनंदा तेव्हा कोल्हापूरला होती. पेट्या कधी, कुठं गेल्या हे तिला मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

छताचं काम लांबलं, द्राक्षं उतरायला आली, आणि मी पेट्या विसरलो. बेदाणा कसा करतात हे बाहेरच्या वाचकाला ठाऊक नसेल. द्राक्षाचे घड एका द्रावणात बुडवून काढतात, म्हणजे सालीवरचं मेण फुटून पाणी लवकर उडतं. बुडवलेले क्रेट आधी निथळत ठेवायचे, मग घड जाळ्यांवर पसरायचे. त्या द्रावणात डिपिंग ऑइल असतं, आणि पोटॅशियम कार्बोनेट. म्हणजे पोटॅश.

हंगाम संपल्यावर मी टेम्पो घेऊन पेट्या आणायला गेलो. त्यांच्यावर पांढरट पापुद्रा धरला होता, आणि आंबटगोड वास येत होता.

“मास्तर, तुमच्या पेट्या लय कामाला आल्या,” भूपाल खुशीत म्हणाला. “क्रेट निथळायला हीच उंची पाहिजे हुती. हंगामभर त्येंच्यावरच ठेवलं. कमर वाचली गड्या.”

म्हणजे महिनोन्‌महिने माझ्या पेट्यांच्या फटींतून पोटॅशचं पाणी मातीवर ठिबकत होतं. ओलं व्हायचं, तापलेल्या शेडमध्ये सुकायचं, परत ओलं व्हायचं. त्यातली एक पेटी कमीही होती. भूपालला काही आठवेना, आणि जी वस्तू तिथं असायलाच नको होती तिची चौकशी मी तरी किती करणार? उरलेल्या पेट्या आम्ही दोघांनी हौदावर धुतल्या. मला एवढंच वाटत होतं की कुणाला दिसू नये. पुढं माझ्या कोळशाच्या कणांना काहीच झालेलं नव्हतं, त्यांची चमक जशीच्या तशी. म्हणून मीही निर्धास्त होतो.

सुनंदाचे आकडे आले ते उलटे. माझे कण सांगत होते की थर थोडासाच तापला. तिची माती सांगत होती की तो चांगला भाजून निघाला. तिनं पुन्हा पट्ट्या केल्या, पुन्हा कोल्हापूर, पुन्हा तेच. मग एक दिवस ती माझ्या खोलीत आली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. कोडं सुटायच्या जवळ आलं की माणूस जसा दिसतो तशी ती दिसत होती.

“सर, एक गंमत आहे. लाव्हा वरून आला म्हणजे वरची माती जास्त भाजायला हवी, खालची कमी. पण इथं वर-खाली फरकच नाही. कांडीची बाहेरची बाजू जास्त भाजलेली आहे आणि मधला गाभा कमी. जमिनीत असताना कांडीला बाहेर-आत कुठलं आलंय? ती तर आपण नंतर कापून काढली. म्हणजे हे जे काय झालंय ते कांडी बाहेर काढल्यावर झालंय. होय की नाही?”

त्या क्षणी मला सगळं कळलं. पांढरा पापुद्रा, वास, क्रेट. पोटॅश मिळालं, वारंवार ओलं-सुकं झालं, की माती न तापताही पानं मिटून घेते. हे मीच वर्गात शिकवत होतो.

मी म्हणालो, “गोंधळ आहे नुसता. नमुना फार थोडा. हे बाहेर-आतचं अहवालात घालू नकोस, लोक हसतील.”

“पण सर, गाभ्यातली आणखी थोडी माती मिळाली तर...”

“संपली माती.”

ती संपत आली होती हे खरं. पण मी ते म्हणालो ते त्यासाठी नाही. विभागप्रमुखपदासाठी माझं नाव जायचं होतं, आणि सरकारी कोअर मित्राच्या बेदाण्याखाली ठेवला हे बाहेर आलं असतं तर ते गेलं नसतं. कारण इतकं लहान होतं. मोठं असतं तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं.

तिच्या पीएच.डी.च्या प्रगती अहवालाच्या सादरीकरणाला पुण्याहून एक तज्ज्ञ आले. माणूस कडक, पण सरळ. सुनंदानं दोन्ही आकडे मांडले. त्यांनी चष्मा काढला आणि नेमका प्रश्न विचारला, पण तिला नाही, मला.

“सर, सॅम्पल कुठं ठेवली होती?”

“कॉलेजच्या स्टोअरमध्ये,” मी म्हणालो.

“मग प्रश्नच मिटला.” ते सुनंदाकडं वळले. “बाई, पट्ट्या घाईनं हीटरवर वाळवल्या असणार तुम्ही. खरं सांगा.”

“नाही सर. पंख्याखाली वाळवल्या.”

“मग माती अशी का वागतेय?”

तिनं माझ्याकडं बघितलं. गाभ्याची गोष्ट मी सांगेन अशी तिला आशा होती. मी समोरच्या कपात बघत बसलो.

तिचं ते प्रकरण बाद झालं. सगळं नव्यानं करायला सांगितलं, आणि नव्यानं करायला माती नव्हती. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, ती फलटणला गेली आणि तिथल्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. मी विभागप्रमुख झालो. नव्या मुलांना पट्ट्या करायला शिकवताना आमचा प्रयोगशाळा सहायक सांगायचा, “हीटरवर वाळवू नका, मगदूम बाईंसारखं.” मी खोलीत असायचो. हळूहळू ‘बाईंसारखं’ गळून पडलं आणि नुसतं नाव राहिलं.

काही वर्षांनी, दशक संपत आलं असताना, भूपालचा फोन आला. जुनं घर पाडून तो स्लॅबचं बांधत होता.

“मास्तर, तुमचा दगूड हितं हाय की! आमच्या आईनं हंगामाच्या आदीच घरात आनून धान्याच्या कोठीखाली ठेवला हुता, घूस लागू नये म्हून. आता कोठी हलीवली तवा दिसला. टाकू का?”

“हात लावू नकोस,” मी एवढ्या जोरात ओरडलो की घरातले धावत आले.

हरवलेली पेटी ती हीच, आणि ती कोरडी होती. इतकी वर्षं जोंधळ्याखाली, पाण्याचा थेंब नाही. आणि तिच्या एका टोकाला त्याच काळ्या मातीचा पुढचा तुकडा होता. त्यातला थोडा मी कापडात बांधला आणि दुसऱ्या दिवशी फलटणची एसटी धरली.

शाळेची मधली सुट्टी होती. सुनंदा शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होती. मला बघून उठली, चहा सांगितला, घरच्यांची विचारपूस केली. मी सगळं सांगितलं. शेड, क्रेट, पापुद्रा, हौद, आणि पुण्याच्या माणसाला दिलेलं उत्तर. कुठंही थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुढं गेलो नसतो.

तिनं लाल पेनचं टोपण लावलं. काढलं. परत लावलं.

“म्हणजे मी गाभ्याचं बोलले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“आणि मी त्यानंतर किती दिवस घरी हीटरकडं बघत बसले होते, ठाऊक आहे? मला वाटायला लागलं होतं की कदाचित झोपेत वाळवल्या असतील मीच.” तिचा आवाज चढला नाही, पण पलीकडं बसलेल्या बाई वही घेऊन बाहेर गेल्या. “तुम्ही माझे गाइड होता, सर. चुकलं असतं माझं तर तुम्ही मला वाचवायला हवं होतं. इथं तर माझं बरोबर होतं.”

“माफी मागायलाच आलोय.”

“माफीचं नंतर बघू. माती कुठाय?”

मी कापडातला तुकडा टेबलावर ठेवला. तिनं तो हातात घेतला, नखानं कोपरा खरवडला, बोटाच्या टोकावर थुंकीनं चोळला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर ते जुनं, कोडं सुटायच्या आधीचं दिसणं आलं.

“मऊ आहे,” ती म्हणाली. “ही भाजलेली नाही.”

सुट्टी लागताच ती सांगलीला आली. पट्ट्या तिनंच केल्या, मला हात लावू दिला नाही. डबा तोच होता, स्टीलचा, आता त्यावर तिच्या मुलाचं नाव कोरलेलं. कोल्हापूरहून परतली ती स्टँडवरून सरळ माझ्या घरी.

“सर, आता उलटं झालं!”

“काय उलटं?”

“आधी माती जास्त तापलेली आणि तुमचे कण कमी. आता माती जवळजवळ कच्ची, आणि तुमचे कण तिच्यापेक्षा जास्त तापलेले. सांगा, आता कुणाचं चुकलं?”

मी खरोखरच हादरलो. पोटॅशची भानगड मिटली की दोन्ही आकडे जुळतील अशीच माझी कल्पना होती. मी माझे कण पुन्हा मोजले. जुन्या गाळातून वाहून आलेले परके कण मिसळले असतील म्हणून एकेक तपासला. चमक खरीच होती. स्वयंपाकघरात माझी पत्नी पापड भाजत होती. सुनंदा दारात उभी राहून बघत होती, आणि तिथूनच म्हणाली:

“सर, पापड निखाऱ्यावर धरला की चुटकीसरशी भाजतो. रताळं त्याच निखाऱ्यावर तेवढाच वेळ धरलं तर?”

“कच्चं राहील.”

“मग दोन्ही खरंच बोलतात की. तुमचे कण पापड आहेत, माझी माती रताळं. लाव्हा वरून आला, झटकन तापवलं आणि निवला. कणांना तेवढं पुरलं. मातीला वेळ लागतो, पोटॅश लागतं. या थरात मुळात पोटॅश फारसं नव्हतंच. आधीच्या तुकड्यांत जे होतं ते भूपालकाकांनी घातलेलं.”

तेलाच्या विहिरींत दोन्ही खुणा जुळतात, कारण तिथं ताप सावकाश येतो आणि दीर्घकाळ राहतो. इथं त्या जुळत नव्हत्या हीच बातमी होती. एका खुणेनं ताप किती ते कळतं, पण दोन खुणांच्या भांडणातून तो किती टिकला ते कळतं. मी आयुष्यभर भांडण दिसलं की एकाला खोटं ठरवत आलो होतो.

पुढच्या हंगामात तिनं आणखी एक काम केलं. त्या पेटीतल्या स्वच्छ मातीचा थोडा भाग घेऊन ती भूपालच्या शेडमध्ये गेली आणि निथळणाऱ्या क्रेटखाली बशीत ठेवून आली. भूपाल हैराण.

“बाई, तवा पेट्या ठेवल्या म्हून मास्तरला घाम फुटला, आन् आता मुद्दाम ठेवताय व्हय?”

“काका, तेव्हा चोरून ठेवल्या होत्या. आता बघून ठेवतोय.”

“बघा बाई, मास्तर परीस तुमी बऱ्या. त्येनं निस्तं ठेवलं, तुमी इचारून ठेवताय.”

हंगाम संपल्यावर बशीतली माती फुगायचं विसरली होती. न तापता. तिच्या प्रबंधातलं ते सगळ्यात चांगलं प्रकरण आहे असं नव्या परीक्षकांनी म्हटलं, आणि सुनंदाला पदवी मिळाली. पुढं ती एका कॉलेजात शिकवू लागली, आणि आता तीही निवृत्त होईल.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण प्रबंधात त्या जुन्या, बिघडलेल्या नमुन्यांविषयी एक वाक्य घालावं लागलं, आणि ते मी लिहून दिलं. ‘नमुने काही काळ अयोग्य ठिकाणी साठवले गेले होते.’ कुणी साठवले, कुठं, आणि ते विचारल्यावर कोण काय म्हणालं, यातलं त्यात काहीच नाही. सुनंदानं ते वाचलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि तसंच टाइप केलं. पदवी तिची झाली, पण आमच्या प्रयोगशाळेत करपलेली पट्टी मगदूमच राहिली, कारण हीटरची गोष्ट खोटी होती हे तिथं कुणी सांगितलंच नाही. सांगू शकणारा एकच माणूस होता.

त्या विद्यार्थिनीच्या तोंडून ते नाव ऐकलं त्या दिवशी मी घरी येऊन सुनंदाला फोन केला.

“ते अजून म्हणतात?” ती हसली. मग म्हणाली, “माझ्या वडिलांचं आडनाव आहे ते, सर.”

“मी तिथं जाऊन सांगतो. तू येशील?”

“येते. पण तुम्ही भाषण करायचं नाही. मी विचारीन, तुम्ही उत्तर द्यायचं.”

आताचे विभागप्रमुख माझे विद्यार्थी. त्यांनी मुलांना प्रयोगशाळेत जमवलं. सुनंदानं दोन्ही जुने आकडे फळ्यावर काढले, कणांचा आणि मातीचा, आणि मुलांना विचारलं कोण चुकलं. मुलांनी एका आवाजात सांगितलं, माती. का? पट्टी मगदूम झाली असेल. मागून कुणीतरी हसलं.

“मगदूम मीच,” सुनंदा म्हणाली.

 ते नाव मी जिच्या तोंडून ऐकलं होतं ती मुलगी पहिल्याच बाकावर होती, तिनं मान खाली घातली. सुनंदा माझ्याकडं वळली. चष्मा काढला, अगदी त्या पुण्याच्या माणसासारखा, आणि त्याच शब्दांत विचारलं:

“सर, सॅम्पल कुठं ठेवली होती?”

“तासगावला,” मी म्हणालो. “बेदाण्याच्या शेडमध्ये. मीच नेऊन ठेवली होती. हिला ठाऊक नव्हतं. आणि मला विचारलं तेव्हा मी स्टोअरमध्ये म्हणून सांगितलं.”

कुणीतरी खुर्ची पुढं सरकवली. पण मी बसलो नाही. मग सुनंदानं क्रेट, पापड, रताळं, बशी, सगळं सांगितलं आणि मुलं हळूहळू हसायला लागली. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीची मानही हळूच वर आली, आणि तिनं विचारलं, “मॅडम, मग बाहेर-आतचा फरक प्रत्येक कोअरमध्ये बघायला हवा, नाही का? म्हणजे कुठं ठेवला होता ते कोअरच सांगेल.”

“बरोबर. माणसाला विचारायची पाळीच येणार नाही,” सुनंदा म्हणाली, माझ्याकडं न बघता.

निघताना त्या मुलीनं भीत भीत विचारलं, “मॅडम, मग करपलेल्या पट्टीला आम्ही आता काय म्हणायचं?”

“करपलेली म्हणा की. शब्द काय कमी पडले काय?”

पण मुलं ती मुलंच. गेल्या महिन्यात विभागप्रमुखांचा फोन आला होता, दुसऱ्याच कामाचा. बोलता बोलता त्यांनी मागं वळून कुणाला तरी दम भरला, आणि फोनमधून मला एका मुलाचा आवाज स्पष्ट ऐकू आला, “सॉरी सर, स्लाइड बेदाणा झाली.”

मी सुनंदाला ते कळवलं. यंदा भूपालनं दोघांनाही बेदाणे पाठवले आहेत. तिच्या पुडक्यावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलंय, ‘न तापलेले’.